विषय : शस्त्र

गोळीबार चौकात गोळीबार कुणी केला, कुणावर,
आमच्यापैकी एकालाही धड सांगता येत नाही.
तिथून आत, बोकडेंच्या फ्रेमच्या दुकानावर
माळ्यावरची खोली. महिन्याचा शेवटचा रविवार.
सोळा खुर्च्या, त्यांतल्या तीन डुगडुगत्या.
कूलरच्या टाकीत पाणी नाही, वाळा मात्र अजून वास देतो.
मे महिना. विषय : शस्त्र.

मी वर्गणीची वही सांभाळतो, गुणांचीही.
दहापैकी. तंत्राला पाच, मांडणीला तीन,
उरलेले दोन कशाचे,
यावर सात वर्षं वाद चालू आहे.

पहिला चौरागडेचा : अजब बंगल्यातली तलवार.
काचेत त्याचीच टोपी उमटलेली
आणि पात्यावर ट्यूबलाइटचा आडवा पट्टा.
"पोलरायझर लाव ना बे,
तलवार कमी, तूच जास्त दिसून राहिला."
हसलो सगळे. साडेचार.

माझा : सीताबर्डीच्या किल्ल्यावरची तोफ.
किल्ला वर्षातून मोजके दिवस उघडतो
म्हणून फोटो गेल्या पंधरा ऑगस्टचा,
तोफेच्या तोंडात कुणीतरी खोचलेला चिप्सचा रिकामा पुडा.
मला वाटलं होतं, यात काहीतरी अर्थ आहे.
डॉक्टर पिंपळशेंडे बाई म्हणाल्या,
"अर्थ आहे. पण क्षितिज तिरकं आहे."

त्यांची स्वतःची, फुटाळ्यावरची फुग्यांची बंदूक,
फुगा नेमका फुटताना, रबराच्या चिंध्या हवेत.
आठ. कुणाची हरकत नाही.

घाटोळे काका आयुधनिर्माणीतून निवृत्त.
रिकाम्या पितळी पुंगळीत खोचलेली उदबत्ती, मागे देव धूसर.
"तेहतीस वर्षं बनवली," म्हणाले,
"उडताना एकही नाही पाहिली."
धूर जळालाय, असं चौरागडेचं मत पडलं.

मग निनावे. तिसराच महिना त्यांचा.
बोलत नाहीत, चहाचे पैसे आधी ठेवतात.
त्यांनी आणला वरवंटा.

नऊवारीच्या पांढऱ्या तुकड्यावर ठेवलेला,
खिडकीचा उजेड डावीकडून,
टाकीचा एकेक घाव मोजता यावा इतका स्पष्ट.
टोकाला सुतळी, सुतळीला चिठ्ठी,
चिठ्ठीवर जांभळी फुटलेली शाई.

"उजेड झकास."
"पण हे तर स्वयंपाकघर झालं. विषय सोडून आहे."
"ही चिठ्ठी डोळ्यात येते राजा. उजवीकडून कापा."
चौरागडेनं तर प्रिंटवर तळहातच ठेवला, चिठ्ठी झाकली :
"आता पाहा. आता कसा वाटतो?"

"कोर्टाचा नंबर आहे तो," निनावे म्हणाले.
"अपिलाची मुदत संपली की वस्तू मालकाला परत देतात.
आमच्याच घरची होती."

चौरागडेचा हात तिथंच राहिला काही वेळ.
उचलायचा कसा, हे त्याला सुचेना.
खाली बोकडे कुणाच्या तरी फ्रेमला
चुका ठोकत होते, एक, मग एक.
कोण पडलं होतं, कोण उभं होतं,
निनावे तेव्हा कुठं होते,
कुणी विचारलं नाही.

काहीतरी विचारायला हवं म्हणून
बाईंनी विचारलं, "शटर किती होतं?"
"अर्धा सेकंद."
"स्टँडवर?"
"नाही. कोपरं जमिनीला टेकवून."
"तरी हललं नाही?"
"मी हललोच नाही," निनावे म्हणाले.

वहीत मी तंत्राचे पाच लिहिले.
पुढं पेन चालेना, म्हणून झटकला,
शाई होती त्यात.

पुढच्या महिन्याचा विषय घाईत ठरला : पाणी.
खुर्च्या मिटल्या. घाटोळे काकांनी डुगडुगत्या तीन वेगळ्या ठेवल्या,
नेहमीसारख्या.
निनावेंनी प्रिंट जुन्या पेपरात गुंडाळली,
चित्राची बाजू आत.
जिन्यात, अंधारात, माझ्या मागून म्हणाले,
"कापायला पाहिजे होती का, खरंच?"

मी म्हटलं, जपून उतरा,
खालची एक पायरी तुटलेली आहे.